सुडासाठी शुद्ध गाईड

सोमवार, ९ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी लिहिणार. सूड घ्यायचा तर तो शिस्तीत घेतला पाहिजे, आणि शिस्त म्हणजे तारीखवार.

हकीकत अशी. मागच्या आठवड्यात ऑफिसमध्ये सगळ्यांना एक मेल आला. पगाराची माहिती नव्या पद्धतीने मिळणार आहे, त्वरित खालच्या लिंकवर जाऊन आपला पासवर्ड टाकावा. असले मेल खोटे असतात हे मला कळतं. मी हेल्पडेस्कवर बसतो. दिवसभर फोनवर लोकांना मीच सांगतो की मेलचं शुद्धलेखन बघा, चोर घाईत असतात, ऱ्हस्व-दीर्घ चुकवतात. म्हणून मी तो मेल नीट वाचला. 'त्वरित'ची वेलांटी पहिली. 'पद्धती'तला द्ध जागेवर. स्वल्पविरामसुद्धा जिथे श्वास घ्यावा तिथेच. इतका स्वच्छ मेल या ऑफिसात मी कधी पाहिला नव्हता. आदराने पासवर्ड टाकला.

तो मेल म्हणजे कंपनीचीच चाचणी होती. पाठवणारा हसऱ्या. हसऱ्या म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा, हेल्पडेस्कवरचा दुसरा माणूस. त्याचं तोंड कधी मिटत नाही म्हणून हे नाव मी दिलंय, मनातल्या मनात. आज मीटिंगमध्ये त्याने निकाल वाचून दाखवला. सगळ्या ऑफिसातून एकटा मी गळाला लागलो होतो. वर म्हणाला, याच्यासाठी मेल खास शुद्ध लिहिला होता, माझ्या बहिणीकडून तपासून घेतला. सगळे हसले. आमच्या मॅनेजर मॅडमनीही फाईल तोंडासमोर धरली.

दुपारी चहाच्या मशीनपाशी अकाउंट्सचा माणूस म्हणाला, काय मासेराव, आज पाणी कसं आहे?

म्हणजे आता मी मासा.

त्याच मीटिंगमध्ये मॅडमनी सांगितलं की सुरक्षेसाठी एक नवी जागा निघतेय. स्वतंत्र खोली, खोलीला दार. एप्रिलअखेर जो कॉम्प्युटर सुरक्षेची सर्टिफिकेट परीक्षा पास होईल त्याला मिळेल. डिग्रीची अट नाही. हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलंय हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. हसऱ्याकडे डिग्री आहे, त्याला कुठेही जागा मिळेल. माझ्यासाठी हे एकच दार आहे. त्या दाराच्या आत मी बसणार आणि हसऱ्याला बाहेरून टकटक करायला लावणार.

मंगळवार, १० फेब्रुवारी, सकाळी

निश्चय. रोज ऑफिसआधी अभ्यास. हसऱ्याशी कामापुरतं बोलणं. तो हसला की आपण प्रिंटरकडे बघायचं.

पण अभ्यासाला आधी गाईड हवं. गाईड चुकलं की माणूस चुकला. म्हणून सध्या फक्त निवड. ताई म्हणाली, कुठलंही एक घे आणि वाचायला बस. भावजींना होकार देताना तिने हेच केलं होतं. मी मान डोलावली. मी त्यांच्याकडे राहतो.

शनिवार, १४ फेब्रुवारी

पुस्तकांच्या दुकानात गेलो. या परीक्षेची तीन गाईडं आहेत. एक लाल आणि जाडजूड, एक निळं, एक कुलपाचं चित्र असलेलं. दुकानदाराने लाल पुढे केलं. म्हणाला, सगळे हेच नेतात, पास होतात, पेढीवर परत तक्रार येत नाही.

लाल गाईडच्या मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय: संगणक सुरक्षा परिक्षा.

परिक्षा. पहिली वेलांटी. मुखपृष्ठावर. सोनेरी.

मी दुकानदाराला दाखवलं. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, बघितलं, आणि म्हणाला, मग? आत बरोबर असेल. आत बघितलं. आत 'सुरूवात' होती, तिथेच मी पुस्तक मिटलं. जो लेखक 'सुरुवाती'लाच घसरतो त्याच्या हातात आपला सूड कसा द्यायचा?

निळं आणि कुलूप दोन्ही दुपारभर उभ्याने तपासली. शेवटी दुकानदार म्हणाला, साहेब, पुस्तक घ्यायचंय की सून बघायचीय? दुकानातली गिऱ्हाइकं हसली. दुकानदाराचं नावही सुडाच्या यादीत घातलं, हसऱ्याच्या खाली.

शनिवार, २१ फेब्रुवारी

निळं बाद. प्रस्तावनेत 'सुरक्षीत'. ज्याला हा शब्द सांभाळता येत नाही तो कॉम्प्युटर काय सांभाळणार. कुलूपवालं पाठीमागच्या पानापर्यंत चांगलं गेलं. उमेद वाढत होती. मग सूचीत 'निर्मीती'.

तिन्ही प्रकाशकांना सविस्तर पत्रं टाकली. आठवडा त्यातच गेला, पण हाही अभ्यासच आहे. शत्रूच्या चुका ओळखणं म्हणजेच सुरक्षा.

भावजी गाद्यांच्या दुकानात सेल्समन आहेत. ते म्हणाले, आमच्याकडे काही गिऱ्हाइकं येतात, सगळ्या गाद्यांवर झोपून बघतात आणि घरी जाऊन जमिनीवर झोपतात. ताई हसली. मी प्रिंटरकडे बघितलं असतं, पण घरात प्रिंटर नाही.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज देवाने हसऱ्याला माझ्या हातात दिलं.

चहाच्या वेळी खुर्ची सरकवत जवळ आला आणि म्हणाला, मासेराव, तू इतकी गाईडं धुंडाळतोयस असं ऐकलं, मीही बसतोय परीक्षेला, सांग ना कुठलं घेऊ, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मी प्रिंटरकडे बघायचं विसरलो. डोक्यात एकदम उजेड पडला.

लाल.

मी म्हणालो, लाल घे. एकदम उत्तम आहे. किंबहुना मीच तुला आणून देतो. तो म्हणाला, खरंच? अरे, तू इतका चांगला असशील असं वाटलं नव्हतं.

असू दे. वाटू दे.

गुरुवार, २६ फेब्रुवारी

लाल गाईड घेतलं. दुकानदार म्हणाला, शेवटी हिलाच पसंत केलंत ना. मी म्हणालो, माझ्यासाठी नाही, एका शत्रूसाठी. त्याने कागदात गुंडाळून वर रंगीत दोरीही बांधली.

हिशेब सरळ आहे. 'परिक्षा' लिहिणाऱ्याकडून शिकेल तो परीक्षेत काय दिवे लावणार? उद्या हातात देतो.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

दिलं नाही. ऑफिसला निघताना मनात आलं, हे पुस्तक मी दिलंय हे सगळ्यांना कळणार. हसऱ्या ते टेबलावर ठेवणार. येणारी-जाणारी माणसं मुखपृष्ठ वाचणार आणि म्हणणार, हे मासेरावांनी निवडलं का? म्हणजे 'परिक्षा' माझ्या नावावर. मासा म्हणवून घेणं वेगळं, आणि हे वेगळं.

फक्त मुखपृष्ठ दुरुस्त करून देतो. सोनेरी अक्षरावर दुसरी वेलांटी बसवायला सोनेरी पेन लागेल.

रविवार, १ मार्च

सोनेरी पेन मिळालं. वेलांटी अशी बसली की मूळचीच वाटावी. मग प्रस्तावनाही बघितली, कारण मुखपृष्ठ उलटलं की ती समोरच येते. प्रस्तावनेत फार नव्हतं. पहिल्या धड्यात मात्र काही ठिकाणी अनुस्वार उडालेत, आणि एका वाक्याचा अर्थच उलटा झालाय. 'पासवर्ड कुणालाही सांगावा' असं छापलंय. 'न' गळालाय. तो घातला.

घातल्यावर जाणवलं की तो तसाच ठेवला असता तर हसऱ्याने परीक्षेत तसंच लिहिलं असतं. क्षणभर खोडावासा वाटला. पण शुद्ध झालेलं वाक्य परत अशुद्ध करायचं, ते हाताला जमेना.

शनिवार, ७ मार्च

सातव्या धड्यापर्यंत आलो. हसऱ्या रोज विचारतो, माझं गाईड कुठाय रे? मी म्हणतो, दुकानात माल यायचाय. खोटं बोलणं मला आवडत नाही, पण अर्धं दुरुस्त केलेलं पुस्तक देणं त्याहून वाईट.

काही ठिकाणी आकृत्यांच्या बाणांची तोंडं चुकलीत. ती वळवली. काही उत्तरं मागच्या पानावर दुसऱ्याच प्रश्नाला लागलीत. ती जागेवर लावली. समासात बारीक अक्षरात कारणं दिली, म्हणजे वाचणाऱ्याचा गैरसमज नको. वाचणारा हसऱ्या आहे हे अधूनमधून आठवतं. मग पेन्सिल जरा जास्त दाबून लिहितो.

ताई म्हणाली, स्वतःचा अभ्यास कधी करणार? मी म्हणालो, माझ्या गाईडचा शोध सुरूच आहे. ती म्हणाली, ज्याच्यावर सूड घ्यायचाय त्याचं पुस्तक तू गेले आठ दिवस पुसतोयस. तिला हे डावपेच समजत नाहीत.

रविवार, ८ मार्च

सापडलं.

तोच दुकानदार शिडीवर चढून वरच्या फळीवरून काढता काढता शिंकला. म्हणाला, हे तुमच्यासाठीच राहिलंय बघा, कुणी घेत नाही. पातळसं पुस्तक. नाव 'संगणकाची सुरक्षा'. लेखक निवृत्त भाषाशिक्षक. मी तिथेच स्टुलावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. एक चूक नाही. एक काना चुकलेला नाही, एक मात्रा नाही. अर्धविराम तर असे की थांबून बघत राहावं.

विषयही नीट मांडलाय. संगणकाच्या खोलीला कुलूप असावे. संगणकावर कापडी आच्छादन घालावे. फ्लॉपी लोहचुंबकापासून दूर ठेवावी. आता फ्लॉपी कुणी वापरत नाही, हे मलाही कळतं. पण तत्त्वं बदलत नाहीत. लोहचुंबकाच्या जागी हॅकर म्हणायचं. संपलं.

हसऱ्याकडे लाल, माझ्याकडे हे. या परीक्षेचा निकाल मी आजच लिहून ठेवू शकतो.

मंगळवार, १० मार्च

परीक्षेचा अर्ज भरला. परीक्षा १८ एप्रिलला. हसऱ्यानेही तोच दिवस घेतला, मुद्दाम. म्हणाला, सोबत जाऊ रे, एकटा गेलो तर मी दारातूनच परत येईन. येऊ दे.

शुक्रवार, १३ मार्च

लाल गाईड पूर्ण झालं. आज दिलं.

तो पानं उलटत गेला. हसू हळूहळू कमी होत गेलं, असं मी प्रथमच पाहिलं. मला वाटलं, कळलं याला, आता शरमेल. तर म्हणाला, तू हे सगळं माझ्यासाठी केलंस? प्रत्येक पानावर? माझ्यासाठी आजवर कुणी इतकं केलं नाही, घरच्यांनीसुद्धा. आणि त्याचे डोळे ओले झाले. खोटं वाटलं तर अकाउंट्सवाल्याला विचारा, तो तिथेच होता.

माणसाला सूडही नीट घेऊ देत नाहीत.

मी म्हणालो, पेन्सिल आहे, हात पुसून वाच.

शुक्रवार, २० मार्च

हसऱ्या रोज काहीतरी विचारतो. आज विचारलं, ते दोन पायऱ्यांची पडताळणी म्हणजे काय रे, पासवर्डनंतर मोबाईलवर आकडा येतो तेच ना? मी लगेच सांगितलं, नवव्या धड्यात आहे, पानाच्या तळाशी, तिथे 'पडताळणी'चा ळ तुटका आला होता. तो म्हणाला, हो, पण अर्थ? मी म्हणालो, अर्थ तिथेच शेजारी आहे. मला अख्खं लाल गाईड कुठल्या पानावर काय चुकलं होतं इतकं पाठ आहे. त्याला मात्र साधा एक ळ लक्षात राहत नाही. आमच्यात केवढं अंतर आहे हे आज मोजता आलं.

अकाउंट्सवाला अजून मासेराव म्हणतो. हसऱ्या म्हणाला, नाही हं, आता मास्तर म्हणायचं. सगळे मास्तर म्हणायला लागले. हा नवा अपमान आहे की काय, तपासून बघावं लागेल.

रविवार, २९ मार्च

ताईने माझी तोंडी परीक्षा घेतली. मीच म्हटलं होतं, कुठलंही पान उघड. तिने उघडलं आणि विचारलं, संगणकावरील धूळ कशी पुसावी? मी अक्षरशः म्हणून दाखवलं: कोरड्या, मऊ, सुती कापडाने, जोर न देता. स्वल्पविरामासकट. ती म्हणाली, स्वल्पविराम कसा म्हणून दाखवलास? मी म्हणालो, थांबून.

मग भावजींनी विचारलं, बँकेच्या नावाने फोन आला तर काय करायचं? ते आपल्याला रोज येतात ना. मी म्हणालो, ते या गाईडमध्ये नाही. ते म्हणाले, मग कशात आहे? मी म्हणालो, लालमध्ये आहे, अकराव्या धड्यात, पण तिथे 'बँक'चा चंद्र उलटा पडला होता. ताई आणि भावजी एकमेकांकडे बघत राहिले. माझी तयारी बघून घरचे चकित झालेत.

शुक्रवार, १७ एप्रिल, संध्याकाळी

उद्या. सगळं तयार. अर्जाचा कागद, ओळखपत्र, दोन पेनं (परीक्षा कॉम्प्युटरवर आहे, तरी). शर्टाला ताईने इस्त्री केली आणि म्हणाली, जमलं नाही तरी चालेल रे. हे वाक्य मी ऐकलंच नाही असं ठरवलं. जमलं नाही तर पुढची सगळी वर्षं फोनवर सांगत बसायचं की प्रिंटर बंद करून चालू करा. चालत नाही.

दाराची पाटी कशी असावी याचा विचार केला. अक्षरं काळी, साधी.

हसऱ्या मेसेज पाठवतोय, मास्तर, झोप येत नाहीये. उत्तर दिलं नाही. त्याच्या मेसेजमधलं 'नाहीये' मात्र बरोबर आहे.

शनिवार, १८ एप्रिल

जे घडलं ते लिहितो. थोडक्यात, कारण आज पेन टेकवलं की जोडाक्षरं तुटतायत.

परीक्षेचं केंद्र म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक एसी लावलेली खोली. दाराशी टेबल, टेबलाशी एक बाई. त्यांनी माझं ओळखपत्र घेतलं, स्क्रीनवर बघितलं, परत ओळखपत्र बघितलं. म्हणाल्या, नाव जुळत नाही.

माझ्या आडनावात दुसरा उकार आहे. दीर्घ. ओळखपत्र काढताना तिथल्या माणसाने पहिला दिला. मी तेव्हाच सांगितलं होतं, तो म्हणाला होता, एका उकाराने कुणाचं काय बिघडतंय. मी अर्ज भरताना अर्थातच बरोबर भरलं.

मी बाईंना समजावलं की अर्ज शुद्ध आहे, ओळखपत्र अशुद्ध आहे. त्या म्हणाल्या, असेल, पण ओळखपत्रावरचा माणूस आत जातो, शुद्ध माणूस जात नाही. मी नियम सांगितला. शब्द, व्युत्पत्ती, सगळं. त्या म्हणाल्या, अर्जावर सूचना होती ना, नाव ओळखपत्राप्रमाणेच भरावे. होती. मी ती वाचलीही होती. तिच्यात एकही चूक नव्हती, त्यामुळे ती माझ्या लक्षात राहिली नाही.

मागे रांगेत हसऱ्या. तो पुढे आला आणि म्हणाला, मॅडम, हाच तो, मी ओळखतो ना त्याला, रोज शेजारी बसतो, प्लीज सोडा, याने माझ्यापेक्षा दसपट अभ्यास केलाय. बाई म्हणाल्या, कुणीतरी ओळखतो म्हणाला म्हणून सोडायचं नसतं, आत गेलात की हाच प्रश्न येईल तुम्हाला.

नंतर हसऱ्याने सांगितलं, खरंच आला.

त्याने हात जोडले होते त्या बाईंपुढे. माझ्यासाठी. लोक बघत होते. मेलचं मी एकवेळ विसरलो असतो. हे कधी विसरणार नाही.

मी जिन्यात बसलो. तो परीक्षा देऊन बाहेर येईपर्यंत तिथेच होतो. निघून जायचं होतं, पण त्याची बॅग माझ्याकडे होती.

सोमवार, २० एप्रिल

ओळखपत्र दुरुस्त व्हायला महिना लागतो. मॅडमची मुदत एप्रिलअखेर. मी मॅडमना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, तुम्ही चुकीचं नाव भरून बरोबर गेला असतात. मी म्हणालो, पण ते माझं नाव नव्हतं. त्यांनी समोरचा कप माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या, चहा घ्या.

तरीही सगळं संपलेलं नाही. हसऱ्या लालवर गेलाय. नापास होणारच. जागा रिकामी राहील, मुदत वाढेल, तोपर्यंत माझा उकार दीर्घ होईल.

सोमवार, २७ एप्रिल

पास झाला.

काठावर नाही, चांगला. मीटिंगमध्ये मॅडमनी जाहीर केलं. हसऱ्या उठून उभा राहिला, लाल गाईड वर धरलं आणि म्हणाला, हे छापलंय कुणीतरी, पण मला शिकवलंय याने, निम्मी उत्तरं समासातली लिहिली मी. पुस्तक सगळ्यांच्या हातातून फिरलं. अकाउंट्सवाल्याने मुखपृष्ठ निरखून बघितलं आणि म्हणाला, काय सुंदर छपाई आहे.

टाळ्या वाजल्या. त्यातल्या निम्म्या माझ्याकडे तोंड करून होत्या. त्या मोजल्या नाहीत.

घरी ताईने ताट वाढलं. भावजींनी टीव्हीचा आवाज कमी केला. तसं ते कधी करत नाहीत.

मंगळवार, ५ मे

हसऱ्या खोलीत गेला. खोलीचं दार नेमकं माझ्या टेबलाशेजारी उघडतं. आता शेजारच्या टेबलावर कुणी नाही, दोन्ही फोन मीच उचलतो.

आज बाहेर येऊन म्हणाला, मास्तर, पाटी करायचीय दाराला. पेंटर कागदावर लिहून मागतोय, मला हे शब्द धड येत नाहीत, तूच दे ना लिहून. मॅडमनी ठरवलेला हुद्दा आहे सुरक्षा तज्ज्ञ.

म्हणजे मी ज्या पाटीचा विचार केला होता ती मीच लिहायची. मी म्हणालो, उद्या देतो.

मग सुचलं. नव्वद टक्के लोक 'तज्ञ' लिहितात. अर्धा ज गाळतात. मी तसंच लिहून दिलं तर? हसऱ्याला कळणार नाही. मॅडमना कळणार नाही. पेंटर रंगवेल, खिळे ठोकले जातील, आणि हसऱ्या ऑफिसात असेपर्यंत स्वतःच्या दारावर चूक लावून बसेल. ती चूक फक्त मला दिसेल. असा सूड कुणी घेतला नसेल.

गुरुवार, ७ मे

कागदावर 'तज्ञ' लिहिलं. खिशात ठेवलं. पेंटरला द्यायला गेलो नाही. ऊन होतं.

शुक्रवार, ८ मे

ऊन नव्हतं. तरी गेलो नाही. ती पाटी माझ्या टेबलावरून दिसणार. फोनवर बोलताना मान वर केली की समोर. हसऱ्या आत बसणार, त्याला तिची पाठ दिसणार. म्हणजे शिक्षा कुणाला झाली?

सोमवार, ११ मे

पेंटरकडे गेलो. कागदावर 'तज्ज्ञ'. त्याने डोकं खाजवलं. म्हणाला, हा अर्धा ज कशाला पाहिजे, सगळे एकच काढतात, आणि फळीवर जागा नाही. मी म्हणालो, काढायचाच. तो म्हणाला, मग हुद्दा मोठा होतो, वरचं नाव बारीक करावं लागेल.

मी म्हणालो, किती बारीक?

त्याने बोटांनी दाखवलं.

मी म्हणालो, अजून.

परत येताना मन हलकं होतं. हुद्दा शुद्ध, आणि हसऱ्याचं नाव मुंगीएवढं. शिस्तीत राहिलं की सूड आपोआप मिळतो.

शुक्रवार, १५ मे

पाटी लागली. हुद्दा लांबून सुरेख दिसतो. नाव कुणालाच वाचता येत नाही. खोलीत जायच्या आधी लोक दाराशी थबकतात, डोळे बारीक करतात आणि मग माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, इथे कोण बसतं?

दिवसभर मी सांगतोय. आधी त्याचं पूर्ण नाव, मग हुद्दा. हुद्दा सांगताना जरा थांबतो, म्हणजे अर्धा ज ऐकू येतो.